डाव्या हाताच्या दिनाराची हकीकत

॥ श्री ॥ टांकसाळीची जुनो नामे देवी ठसेकारांचे रक्षण करो. रोम नगर वसल्यास नऊशे सेहेचाळीस साल जाहले, ते समयी रोमक राज्यी मोठा कल्लोळ माजला, तो ऐसा.

जुने स्वामी परलोकवासी जाहले आणि नवे गादीवर बसले. लष्कर रुसलेले. सबब हुकूम जाहला की, तीन रोजांत चांदीचे दिनार पाडोन छावणीत वाटावे. एके बाजूस स्वामींचे मुख, दुसरे बाजूस उजव्या हातात उजवा हात, म्हणजे स्वामी व लष्कर एकदिल. काम वालेरोजी ठसेकार यांजकडे आले. त्यांनी स्वामींस कधी पाहिले नव्हते. मग टांकसाळीचे दारोगे रूफोपंत यांस पुसिले, "नाक कैसे?" पंत बोलिले, "लांब आहे, परंतु लांब दिसो नये. चुकलात तर मान जाईल, तुमची आणि माझीही." वालेरोजींचे दोन रोज नाकातच गेले. ठशावर उलटे कोरावे तेव्हा नाण्यावर सुलटे उमटते, हे त्यांस तीस वर्षांचे ठाऊक. मुख उलटेच कोरिले. परंतु हात मात्र घाईत जुने नाणे समोर ठेवोन पाहिले तैसेच कोरिले, आणि दिनार छावणीस रवाना जाहले. मग एक राहिलेला उचलोन पाहतात तो डाव्या हातात डावा हात! वालेरोजी तो दिनार घेवोन घरी आले. बायको फ्लावियाबाई म्हणाल्या, "अहो, एवढ्याशा नाण्यावरचे हात कोण बघायला बसलंय?"

लष्कर बसले होते. शिपाई बोलो लागले, "आम्हांस डावा दिला, मग उजव्यात काय धरिले? खंजीरच!" आणि छावणी बिथरली, स्वामी मारले गेले आणि दुसरे गादीवर आले. वालेरोजींस अन्न गोड लागेना. आपल्या चुकीने माणूस मेला, हे मनास खाऊ लागले, आणि दारी घोड्याच्या टापा वाजल्या की मागील दाराकडे धावत.

अखेर बोलावणे आलेच. नव्या स्वामींनी तो दिनार तळव्यावर ठेविला आणि हसोन बोलिले, "शाबास! लष्करास इशारा दिलात. मोठे धाडस केलेत." वालेरोजी हात जोडोन म्हणाले, "महाराज, धाडस कैचे? चूक जाहली." स्वामींनी तो विनयच मानिला, सोन्याचे कडे दिले आणि आज्ञा केली, "आता आमचे मुख कोरा. तुमच्या हातून चूक होत नाही, हे आम्ही जाणतो."

येणेप्रमाणे एक स्वामी गेले, एक आले, वालेरोजींस सोने मिळाले आणि चुकण्याची मुभा गेली. घरी येऊन त्यांनी कडे उतरविले आणि कोरणी हाती धरिली, आणि पहिली रेघ ओढण्याआधी आपला उजवा हात कोणता, ते दोनदा पाहोन घेतले.