लॅटिन, लंगोट आणि सर

"लॅटिन म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!" असं मी सासूबाईंना ठणकावून सांगितलं, तेव्हा माझा डावा हात खरंच मळलेला होता. बाळाच्या कृपेने!

ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकांच्या विभागात मला परत घ्यायचं, तर लॅटिनची तोंडी परीक्षा पास व्हायला हवी होती. दोनदा आपटले होते. ही शेवटची संधी. पण अभ्यासाला वेळ कुठला? मग मी शक्कल लढवली. लंगोटांच्या घड्या घालताना वर्तमानकाळ: आमो, आमास, आमात. मी प्रेम करते, तू करतोस, तो करतो. घडीला एक रूप! बाळाचा ढेकर काढताना भविष्यकाळ. आणि क्रियापदांचा उगम? तो अंघोळीच्या वेळी. बाळ ऐकता ऐकता असं गोड हसायचं, की मला वाटे, दोघंही पास होणार!

परीक्षेला गेले. समोर जाड चष्म्याचे सर.

"हं, वर्तमानकाळ म्हणा."

डोकं धुतलेल्या पाटीसारखं कोरं! हात मात्र शिवशिवत होते.

"सर, तुमचा रुमाल देता?"

त्यांना वाटलं, ही आता रडणार. बिचाऱ्यांनी लगेच दिला. मी तो टेबलावर पसरला. पहिली घडी, "आमो!" दुसरी, "आमास!" तिसरीला रुमाल संपला. उरलेली तीन रूपं मी त्यांच्या प्रश्नपत्रिकेवर उरकली.

"बरं," ती उलगडत सर म्हणाले, "आता भविष्यकाळ."

मी उठले, टेबलाला वळसा घातला. "जरा पुढे वाका हं."

"अहो, काय करताय?"

"आमाबो!" पाठीवर थाप. "आमाबिस!" थाप. सहाव्या थापेला सरांनी असा खणखणीत ढेकर दिला, की बाहेरचा शिपाई आत डोकावला!

"शाब्बास माझं सोनं ते!" मी बोलून गेले.

संपलं! नोकरीवर पाणी!

सरांनी चष्मा सरळ केला. "सकाळपासून अडकला होता," ते हळूच म्हणाले. "बरं, आता क्रियापदांचा उगम."

मी बाह्या वर केल्या. नजर टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याकडे गेली. सरांनी झडप घालून तो छातीशी कवटाळला.

"पास! पास झालात तुम्ही! जा!"

सोमवारी कामावर रुजू होतेय. आत्ता बाळ झोपलंय, म्हणून भराभर लिहून टाकलं. सरांचा रुमाल परत द्यायचा राहिलाय. पण आता कसा देणार? आत्ता बाळ तोच नेसलंय!