नरसय्याला तयार माणूस चालत न्हाय

नरसय्या तयार माणसाचा फोटो काढत न्हाय. भांग पाडून, गुंड्या लावून कुणी हुबा ऱ्हायला की त्यो मोबाईल खिशात घालतो आन् म्हणतो, "तू जा बे. तुझ्यातला खरा माणूस आला की मग काढू."

मी सोत्ता चार बारी असा परत गेलोय. एकदा तर मेव्हण्याच्या लग्नातला सफारी घालून रिक्षात बसलो हुतो. सोलापूरचं ऊन, आतनं नुसता भिजलेलो. नरसय्यानं बघितलं, "कुणाचं लगीन हाय?" म्हणून इचारलं आन् गेला विडीवाल्या शांतव्वाकडं.

नरसय्या आमच्या गल्लीतला इणकर. तीस वर्सं मागावर टॉवेल इणले. माग बंद पडला, हातात ऱ्हायला मोबाईल. आता येता-जाता दिसणाऱ्या माणसांचे फोटो काढतो, खाली दोन ओळी लिवतो आन् सगळ्यांला दिसंल असं मोबाईलवर टाकतो. घरात तेलगू, बाहेर मराठी, चिडला की दोन्ही. फोटो काढताना एकच बोलणं, "हात चालू ठिव. माग थांबला की कापडाचं खरं काय कळत न्हाय." शांतव्वाच्या फोटोखाली लिवलं, 'ही पान कातरते आन् सुनंवर चिडते. दोन्ही न बघता.' सून तीन दिवस खूश हुती.

लोकं आवडलं म्हणून मोबाईलवर अंगठे देत्यात. पन शंभर अंगठे आले तरी नरसय्याचं समाधान न्हाय. त्याला एकच अंगठा पायजे, सुरतेचा. पद्माचा. पद्मा म्हंजी त्याची एकुलती लेक. सा वर्सांखाली तिनं मनानं लगीन केलं, पोरगा दुसऱ्या जातीतला, सुरतेला ऱ्हाणारा. नरसय्या दारात हुबा ऱ्हाऊन म्हणला, "माझ्यासाठी तू मेलीस." तीबी त्याचीच लेक. तवापास्नं येनं न्हाय, फोन न्हाय. पन फोटो टाकला की तासाभरात तिचा अंगठा येतो. येईपत्तूर हा जेवत न्हाय. एकदा अंगठ्याला चार वाजले, तर हा उपाशी आन् मला सांगतो, "पोट बिघडलंय."

मी म्हणलो, "मग फोन कर की तिला."

"कोन करतंय तिला फोन? मी गल्लीचे फोटो काढतो बे."

आता माझं डोकं बघा. ह्यानं आदी आमच्या बोळातली शांतव्वा काढली. मग कोपऱ्यावरचे खारीवाले चाचा. मग हौदाजवळची इस्त्रीवाली. मग शाळंच्या फाटकाम्होरची बोरंवाली. नरसय्याच्या दारापास्नं पद्माच्या शाळंपत्तूरचा रस्ता जसाच्या तसा. हे मला कळायला वरीस लागलं. आन् ती शाळंत असताना दहा वर्सं तिला रोज त्याच रस्त्यानं रिक्षातनं न्हेणारा मीच.

पाचव्या बारीला मी तयार न्हवतोच. दुपारचा रिक्षात झोपलो हुतो. तोंड उघडं, पाय बाहेर. नरसय्यानं काढला आन् खाली लिवलं, 'हा रिक्षावाला मल्लू. काम चालू हाय.' अख्खी पेठ हसली. माझी बायको म्हणली, "हुबेहूब आलाय ओ."

पन त्या दिशी सुरतेचा अंगठा आला न्हाय. तास गेला, दोन गेले. मग अक्षरं आली. सा वर्सांत पयल्यांदा. नरसय्या पळत माझ्याकडं आला, मागच्या शिटवर बसला आन् वाचून दावलं, "मल्लूमामा, अजून झोपताय? शाळा सुटली की आमीच तुमाला उठवायचो. नान्ना कसे आहेत?"

नान्ना म्हंजी त्यांच्यात वडील.

"तुला इचारलंय," नरसय्या म्हणला. "तू उत्तर दे."

"मी चौथी नापास. मला माझी सहीबी बघून काढावी लागती."

"तू सांग की. मी लिवतो."

"लिव, बरे हायेत."

त्यानं लिवलं. पुसलं. "बरा हाय म्हणल्यावर ती परत कशाला इचारंल?"

"मग लिव, बरे न्हाईत."

"घाबरंल की बे."

"मग लिव, वाट बघत्यात."

त्यो परत पद्माची अक्षरं बघाया लागला. मोबाईलचा उजेड गेला की अंगठ्यानं परत लावायचा, तेवढंच वाचायचा. गल्लीतल्या दरेकाच्या दोन ओळी ह्याला बसल्या जागी सुचायच्या. शेवटाला म्हणला, "मल्लू, खरं सांग. कसा हाय बे मी?"

मला कशावरबी इनोद सुचतो. मयतीत सुचलाय, मार खाल्लाय. तवा मातर मी रिक्षा चालू केली.

"कुटं?"

"ठेसनाला. सुरतेची गाडी कवा हाय, इचारून येऊ."

"नुसतं इचारायचं," त्यो म्हणला. पन उतरला न्हाय.