बावीस की तेवीस : बुसियाच्या दराची मोहीम

बुसिया नगरी दोन राज्यांत वसलेली, अर्धी केनियात आणि अर्धी युगांडात, मध्ये एक गटार आणि एक लोखंडी फाटक. तेथील दराची हकीकत पुसाल तर ऐसी. प्रथम उभय राज्यांत शिलिंग एकच होता. मग वाटणी जाहली आणि दोन शिलिंग जाहले, तरी आरंभी एकास एक ऐसे सख्ख्या भावांसारखे नांदत होते. मग युगांडाच्या शिलिंगास साडेसाती लागली आणि राज्यकर्त्यांनी त्याची दोन शून्ये छाटिली, तरी तो उतरतच गेला. मग केनियाचा एक शिलिंग दिला असता युगांडाचे किती पदरात पडतात, यासच दर म्हणू लागले. मुलांनी एवढे ध्यानी धरावे, म्हणजे पुढील रणधुमाळी नीट समजेल.

फाटकानजीक, युगांडाच्या अंगास, राजेश्री एगेसा वांदेरा, नोटा बदलून देणारे मातबर सराफ, चाळीस वर्षे एका छत्रीखाली, एका तीनपायी स्टुलावर बसत. स्टूल हेच त्यांचे तख्त. बाजाराचा कायदा ऐसा की ज्याने एकदा खोटा दर दिला, त्याने स्टूल उलटे करून डोईवर घ्यावे आणि घरी जावे, पुन्हा येऊ नये. एगेसांचे स्टूल कधी उलटे जाहले नव्हते.

केनियाकडील मासळीबाजाराच्या सरदार अग्रिपिना नामुकुरू. सुकी मासळी विकणे हा त्यांचा पेशा आणि विसरणे हा त्यांचा स्वभाव नव्हे. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी एगेसांकडे दहा हजार केनियाचे बदलिले, दर बावीसचा मिळाला, आणि त्याच दिवशी बाजारात तेवीस चालतो ऐसे कानी आले. तेथपासून त्या दर बाजारी फाटकाशी उभ्या राहून एगेसांच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत आल्या होत्या.

मग दैवाने ऐसा डाव मांडिला की एगेसांचा नातू मांगेनी आणि अग्रिपिनाबाईंची नात पर्पेतुआ यांची मने जुळली. एगेसा नातवासह साखरेची पिशवी आणि दोन कोंबड्या घेऊन, गटार ओलांडून, शत्रूच्या मुलखात दाखल जाहले, आणि ओसरीवर बसले, आणि वराने वधूच्या घरी द्यावयाच्या शेळ्यांची बोलणी काढिली. तो अग्रिपिनाबाईंचे फर्मान सुटले.

"आधी कबूल कर, म्हातारबा, की दर तेवीस होता. मग शेळ्यांचं बोलू."

"बावीस होता, विहीणबाई. चहा तरी द्या, गार पडेल."

"विहीण मी अजून झाले नाही, आणि चहा टाकलेलाही नाही."

नातू कानाशी लागला. "आजोबा, म्हणून टाका ना तेवीस. काय जातंय?"

"स्टूल जातंय," एगेसा म्हणाले.

ऐसी कोंडी पडली. तेवीस म्हणावे तर चाळीस वर्षांची इभ्रत जाते, बावीस म्हणावे तर नातवाचा संसार जातो. एगेसांनी तीन दिवस विचार केला, भात गोड लागेना, मग चौथे दिवशी एकाएकी मसलत सुचली आणि त्यांनी उभय बाजारांस फाटकाशी जमण्याचा हुकूम धाडिला.

मसलत ऐसी. या मुलखात मूल ज्या दिवशी जन्मते त्या दिवसाची गोष्ट त्याच्या नावी चिकटते, कोणी पाऊस, कोणी दुष्काळ, कोणी सुगी. पंचवीस वर्षांपूर्वी बाईंनी नोटा बदलिल्या तोच दिवस, तोच बाजार, आणि त्यात मोटारसायकल भाड्याने हाकणारा ओपियो जन्मला होता, ज्यास सारा गाव आजही बावीस म्हणे. एगेसांनी पुकारा केला, "बावीसला आणा." इतक्यात पलीकडून अग्रिपिनाबाई गरजल्या, "माझा साक्षीदार तेवीस. त्यालाही आणा." आणि एकाच मोटारसायकलीवरून दोघे उतरले, एक चेहरा, एक चाल, पुढचा दातही दोघांचा सारखाच पडलेला. जुळे भाऊ, ओपियो आणि ओदोंगो. बाजार जो हसू लागला तो शिपायांनी फाटक वाजविले तेव्हा थांबला.

मग त्यांच्या मातोश्री तेओपिस्ता यांस पाचारण जाहले. जुळ्यांच्या आईस येथे नालोंगो म्हणतात आणि तिचा शब्द कोणी मोडीत नाही. नालोंगो कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अगं अग्रिपिना, ओपियो न्याहारीच्या वेळेस झाला. तुझ्याच टोपल्यांमागे. तुझ्याच लुगड्यात गुंडाळलास त्याला. गाठीत ह्या म्हाताऱ्याकडून बदललेल्या नोटा होत्या, त्या सोडून माझ्या उशाशी ठेवल्यास आणि म्हणालीस, मला बावीस मिळाले, पोराचं नाव बावीस."

"मी म्हणाले?"

"तूच. दुसरं कोण होतं तिथं, मासळी?"

"आणि हा?" ओदोंगोकडे बोट गेले.

"हा पहिल्यापासून आळशी. जेवणं झाल्यावर आला. तोवर साबण न् तेल न्यायला युगांडातून व्यापाऱ्यांच्या गाड्या उतरल्या, जो तो केनियाचे शिलिंग मागतोय, मग दर चढला की. तेव्हा झाला तेवीस."

अग्रिपिनाबाई एगेसांकडे वळल्या.

"पंचवीस वर्षं शिव्या घातल्या रे तुला."

"रोज नाही हो," एगेसा म्हणाले. "रविवारी सुट्टी असायची."

"घरी चल. चहा टाकते."

चहा जाहला, साखर एगेसांचीच होती, आणि तहाची कलमे ठरू लागली. बाईंनी तेवीस शेळ्या मागितल्या, एगेसा बावीस म्हणाले, आणि नातवाने डोके धरिले. मग एगेसांनी दुसरा पेला संपवून फर्मान काढिले की बावीस शेळ्या न्याहारीपूर्वी याव्या, आणि जेवणानंतर दर एकाने चढवावा. विहीणबाईंनी हसून पदर तोंडाशी धरिला, येणेप्रमाणे तह कायम जाहला.

ठरल्या दिवशी बावीस शेळ्या सकाळी फाटक ओलांडून गेल्या, आणि तेविसावी दुपारी ओदोंगो मोटारसायकलीवरून, मांडीवर घेऊन आला, तीही उशिराच. एगेसा फत्ते पावले, स्टूल सुलटे राहिले. त्या दिवशीचा सकाळचा दर अठ्ठावीस, तो येथे नमूद केला. दुपारचा दर नमूद नाही, कारण दुपारी सारे सराफ पंगतीत होते आणि स्टुलावर कोणी नव्हते. यावरून पुढे तंटा उपजल्यास लिहिणाराने जेवण टाकून उठावयास हवे होते, ऐसे कोणी म्हणू नये. मासळी फार चांगली जाहली होती.