आबाभाऊजींचं छोटं संस्थान

आमचे आबाभाऊजी राणीच्या दरबारातून उलटे चालत बाहेर पडतात. राणी टीव्हीच्या पडद्यावर असते आणि चालतो तो व्हिडिओ गेममधला त्यांचा चिलखत घातलेला योद्धा. पण "गादीला पाठ दाखवायची नसते, सुनंदा" हा नियम त्यालाही लागू. उलटं चालताना मागचं दिसत नाही. योद्धा खांबांवर आपटतो, पायऱ्यांवरून गडगडतो. एकदा तर थेट खंदकात पडून मेला. भाऊजींनी शांतपणे त्याला जिवंत केलं, राणीला पुन्हा मुजरा केला आणि पुन्हा उलटे निघाले.

हे माझे थोरले दीर. ग्वाल्हेरच्या थाटीपुरात आमच्या समोरच राहतात. त्यांचे आजोबा दरबारात हुजरे होते. ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशीही ते पगडी घालून निघाले म्हणे, आणि मुजरा कुणाला करायचा ते न कळून परत आले. ते सगळं भाऊजींच्या अंगात मुरलेलं. राक्षसावर तलवार चालवण्याआधीसुद्धा "क्षमा असावी" म्हणतात!

मूळ गेम त्यांनी केव्हाच संपवला होता. जाऊबाई गेल्या, त्या हिवाळ्यात माझ्या मुलीनं, चित्रानं, त्याला जोडून आलेला नवा भाग डाउनलोड करून दिला.

"काका, छोटासाच है. दुपारभरात खत्म होऊन जाईल."

डोंगरातलं एक चिमुकलं राज्य साम्राज्यात विलीन व्हायचंय. योद्ध्यानं राणीचा होकार मिळवायचा आणि वेशीवरचं निशाण उतरवायचं. निशाण उतरलं की गोष्ट संपली.

उन्हाळा आला तरी निशाण फडकतच होतं.

एका दुपारी मी डबा घेऊन गेले, तर योद्धा वेशीपाशी नुसता उभा.

"भाऊजी, उतरवा ते आणि जेवायला या. नाहीतर द्या इकडे, मीच दाबते बटण."

"रुको, रुको! निशाण उतरलं की इथली सगळी माणसं निघून जातात. चित्रानं वाचून सांगितलंय."

"जाऊ देत की. खोटीच तर आहेत."

भाऊजींनी योद्ध्याला वळवून गावात नेलं. सबंध दरीवर बर्फ भुरभुरत होतं. कड्यावरचा किल्ला, त्याचे दिवे, खालच्या तळ्यात पुन्हा तोच किल्ला. आपला किल्ला रोज डोक्यावर असतो, पण मान वर करायला फुरसत कुणाला? इथे मात्र मी डबा हातात धरून उभीच. आणि भाऊजींना त्यातली गल्ली न् गल्ली पाठ होती.

एका दारापाशी योद्धा थांबला. पिकल्या केसांची एक बाई बाहेर आली. तिच्याखाली हिंदी अक्षरं उमटली: "आ गए? बैठो, थक गए होगे।"

ती एवढंच बोलते, दर वेळी तेच. भाऊजी मात्र सावकाश उत्तर देत होते. सकाळी लाइट गेली होती. गुडघा आज बरा आहे. सुनंदानं जेवण आणलंय.

मी ताट वाढून झाकून ठेवलं आणि पाय न वाजवता आत गेले. दोन माणसं बोलत असताना मध्ये उभं राहणं बरं नव्हे.