आदगोंडाअण्णांची हरकत

शेवटची शिट्टी वाजते, आमचा संघ हरतो, माणसं चपला शोधायला लागतात. तोवर आदगोंडाअण्णा आयोजकांच्या टेबलापाशी पोचलेले असतात. हरकत घ्यायला. मॅच परत खेळवा, एवढीच मागणी. कारण मात्र दरवर्षी ताजं.

अण्णा माझे समोरचे शेजारी. कागलच्या एमआयडीसीतून निवृत्त झालेले, कांदासुद्धा न खाणारे पक्के जैन आणि आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचे सर्वेसर्वा. संघ खालच्या गटातला. अण्णा त्याला ‘वर जाणारा गट’ म्हणतात. मी बघतोय तेव्हापासून तो वर जातोच आहे.

एका वर्षी चेंडूत हवा जास्त होती. एका वर्षी मैदानावर आखलेली फक्कीची रेघ वाकडी होती. मागच्या वर्षी तर पंचांना समोरच्या संघाच्या पेठेत मिसळ खाताना अण्णांनी स्वतः पाहिलं होतं.

“मिसळीवर तिखट कट वाढवून घेतला की त्यांनी,” अण्णा म्हणाले. “त्यांचा फुकटचा कट पोटात गेल्यावर माणूस आमच्या बाजूनं शिट्टी मारंल व्हय?”

आयोजक अण्णांना बसवून घेतात, चहा पाजतात आणि हरकत फेटाळतात.

अण्णांचा खरा राग नॉकआऊटवर. लीग म्हणजे संसार, असं ते सांगतात. आज भांडलं, उद्या परत एका ताटात जेवलं. नॉकआऊट म्हणजे एकदा भाजी खारट झाली की थेट माहेरी. आम्ही गल्लीकर मात्र नॉकआऊटवर खूश होतो. पहिल्या फेरीला सगळे हजर राहायचो, कारण दुसरी नसायचीच.

तालमीच्या खोलीचं बांधकाम कैक वर्षं चालू असल्यामुळे मॅचच्या दिवशी संघ अण्णांच्या घरी जमतो. कपडे तिथंच बदलतात. अण्णा पहाटेपासून उप्पीट ढवळत असतात. बिनकांद्याचं उप्पीट म्हणून पोरं नाकं मुरडतात आणि पातेलं चाटूनपुसून खातात. अण्णा एकेकाला वाढत फिरतात आणि भिंतीला हात लावू नका म्हणून ओरडतात.

यंदा काय झालं कोण जाणे, संघ पहिली फेरी जिंकला. दुसरीही. समोरच्यांनी स्वतःच्याच जाळ्यात गोल मारून आम्हाला पुढं ढकललं, तरी गल्लीनं फटाके उडवले. असं करत आम्ही फायनलला पोचलो आणि टायब्रेकरवर चक्क जिंकलो.

हलगी कडाडली, गुलाल उडाला. कॅप्टन समीर अण्णांना खांद्यावर घ्यायला शोधत होता. मला ते सापडले आयोजकांच्या टेबलापाशी.

“पहिल्या पेनल्टीला आमच्या पोरानं चेंडू खुणेच्या पुढं ठेवलावता,” ते सांगत होते. “मॅच परत घ्या.”

आयोजकांच्या हातात बक्षिसाचा कप तसाच राहिला. “अण्णा, तुम्ही जिंकलाय.”

“ठावं हाय. मी काय आंधळा हाय व्हय?”

मी त्यांना हाताला धरून बाजूला नेलं आणि चांगलं झापलं. जन्मात एकदा जिंकलो, त्यातही तुमचं हे? अण्णा पायरीवर बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं हळू बोलताना ऐकलं नव्हतं.

“हरलं तरी संपतंय, जिंकलं तरी संपतंय,” ते म्हणाले. “तुझी काकी गेल्यापास्नं घरात दुसरा आवाज न्हाय. लेकी लांब दिल्या. आता वरीसभर ही पोरं कशाला येत्यात माझ्याकडं?”

मला फार वाईट वाटलं. सगळी गल्ली त्यांच्या हरकतींवर हसायची, त्यात माझा आवाज मोठा असायचा.

तेवढ्यात गुलालानं माखलेला समीर कप घेऊन आला. तालमीत जागा नाही, तर कप तुमच्याकडंच ठेवू का, असं त्यानं विचारलं.

“कप कुठं बी ठेवा,” अण्णा म्हणाले. “बुटं तेवढी माझ्याकडं असू देत. सगळ्यांची.”

“अन् मग रोज सकाळी प्रॅक्टिसला काय घालायचं आमी?”

“न्यायला यायचं की,” अण्णा म्हणाले.