दोन कुलपांची पेटी

"आता ही शिट्टी कशाला?" बायकोनं विचारलं.

"वाट चुकलो तर वाजवायला."

"आणि ऐकणार कोण?"

 कारखान्याच्या भांडारात इतकी वर्षं काढलेल्या स्टोअरकीपरला असले प्रश्न नवीन नव्हते. ज्यांना वस्तूची किंमत ती हरवल्यावरच कळते, त्यांच्याशी वाद घालायचा नसतो, असं त्याचं मत होतं. त्यानं शिट्टी रुमालात गुंडाळली आणि क्वाड बाइकच्या मागे बसवलेल्या लोखंडी पेटीत ठेवली.

ही क्वाड म्हणजे घरातल्या भांडणाचं मूळ. चार जाडजूड चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, आणि रंग असा भडक की शेजारचं कुत्रंसुद्धा पहिले काही दिवस तिच्यावर भुंकत होतं. स्टोअरकीपरनं ती हौसेनं घेतली आणि अंगणातल्या शेडमध्ये उभी केली. बायको शिवणकाम करायची, आणि त्याच शेडवर तिचा कधीपासून डोळा होता. जेवणाच्या टेबलावर मशीन, खुर्चीवर कपड्यांचे ढीग, ताटात दोऱ्याचे तुकडे. "आमटीत बटण सापडलं मला!" असं नवऱ्यानं एकदा ओरडून सांगितल्यावर ती थंडपणे म्हणाली होती, "मग द्या शेड."

शेवटी तह झाला. रविवारी स्टोअरकीपरनं क्वाड घेऊन टेकडीमागच्या कच्च्या वाटेनं फिरून यायचं. दिवस मावळायच्या आत परत. कुणाची मदत घ्यायची नाही, कुणाला फोन करून बोलवायचं नाही. जमलं तर क्वाड राहील. नाही जमलं तर क्वाड विकायची आणि शेडमध्ये शिलाई मशीन.

"काढ गं खुशाल चिंता मनातून," स्टोअरकीपर म्हणाला होता. "मी तयारीचा माणूस आहे."

आणि तयारी खरोखर बघण्यासारखी होती. पंक्चर काढायचं सामान, हवा भरायचा छोटा पंप, पान्ह्यांचा पूर्ण संच, हातोडी, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, जादा स्पार्क प्लग, गाडी ओढायचा दोर, बॅटरी, औषधांची डबी, चादर, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं. जड सामान तळाला, हलकं वर, हा भांडाराचा नियम.

"पान्हे आहेत का एवढे आपल्याकडे?" बायको म्हणाली. "मग स्वयंपाकघरातला नळ का गळतोय?"

"रविवारी बघतो."

"रविवारी तुम्ही टेकडीवर."

"पुढच्या रविवारी."

नळ टप टप करत राहिला. स्टोअरकीपरनं पेटीच्या झाकणाला एक कुलूप लावलं. मग दुसरं लावलं.

"दोन?"

"भांडारात महत्त्वाचं कपाट कधी एका माणसाच्या भरवशावर सोडत नाहीत. एक चावी माझी, एक साहेबांची. दोघं हजर असले की कपाट उघडतं. चोरी होत नाही, चूक होत नाही." दुसरी चावी त्यानं बायकोच्या हातावर ठेवली. "इथे साहेब तू."

बायकोनं चावीकडे पाहिलं, मग नळाकडे पाहिलं, आणि चावी कमरेला खोचली. स्वतःची चावी स्टोअरकीपरनं नियमाप्रमाणे दारामागच्या खुंटीला लावली आणि तो पेट्रोल आणायला निघून गेला.

रविवारी सकाळी साडू सोबतीला हजर झाला. साडू दातांचा डॉक्टर. माणूस गमत्या, पण बोलताना समोरच्याच्या तोंडात बघायची सवय. निघताना बायको झोपलेली होती. तिला उठवलं तर ती आणखी एखादी अट घालेल, या भीतीनं स्टोअरकीपरनं खुंटीवरची चावी अलगद काढली, पावलं न वाजवता बाहेर पडला आणि क्वाड रस्त्यापर्यंत ढकलत नेली.

टेकडीमागची वाट सुरेख होती. दगड, उतार, मध्येच ओढ्याचं पाणी. खड्ड्यातून उसळताना साडू मागून ओरडला, "साडूभाऊ, दाढा हलल्या माझ्या!"

"दाढा सोडा. पेटीचा आवाज ऐका."

"कुठे येतोय?"

"तेच सांगतोय! एवढं सामान आहे, पण एक खडखड नाही. याला म्हणतात भरणी!"

हे वाक्य हवेत विरतंय न विरतंय तोच पुढच्या चाकाखाली धारदार दगड आला. फस्स! हँडल वाकडं झालं, क्वाड एका बाजूला झुकली आणि टायरची कड रिमवरून सुटून लोंबायला लागली.

साडूनं खाली उतरून चाकाची तपासणी केली. "मुळापासून गेलंय."

"जाऊ दे की!" स्टोअरकीपरच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता. "अहो, याच दिवसासाठी तर पेटी भरली!" त्यानं खिशातून चावी काढली, ऐटीत डावं कुलूप उघडलं आणि उजव्या कुलपासमोर येऊन थांबला.

त्यानं दोन्ही खिसे चाचपले.

"काय झालं?" साडूनं विचारलं.

"दुसरी चावी साहेबांकडे आहे."

"कोण साहेब?"

"तुमची मेहुणी."

साडू आधी हसला. मग स्टोअरकीपर हसत नाही हे बघून जास्तच हसला. "अहो, फोन करून बोलवा तिला."

"म्हणजे क्वाड गेली! अट विसरलात? कुणाला बोलवायचं नाही."

"मग मी बोलवतो माझ्या ओळखीचा मेकॅनिक."

"ती अट तुम्हालाही लागू आहे. सोबत आला आहात तुम्ही."

साडूनं हात टेकले. "बरं, कुलूप फोडू. हातोडी आहे?"

"आहे."

"कुठे?"

"पेटीत."

"पक्कड?"

"पेटीत."

"स्क्रू ड्रायव्हर तरी? झाकणाचे स्क्रू काढू."

स्टोअरकीपरनं नुसतं पेटीकडे बोट केलं. साडूनं एक दगड उचलला आणि कुलपावर घातला. कुलपाला काही झालं नाही. कारखान्यासाठी निवडलेलं मजबूत कुलूप होतं ते. साडूच्या अंगठ्याला मात्र बरंच झालं.

"आई गं! मलम! मलम आहे ना?"

"आहे," स्टोअरकीपर खाली मान घालून म्हणाला.

"राहू द्या. पाणीही तिथेच असेल."

"आणि बिस्किटं."

मग स्टोअरकीपरला एक युक्ती सुचली. मदत मागायची नाही, पण बायकोनं चावी कुठे ठेवलीय हे तर विचारता येईल. कदाचित तिनं ती क्वाडवरच कुठेतरी अडकवली असेल. सहज बोलता बोलता काढून घ्यायचं. त्यानं घसा साफ करून फोन लावला.

"काय करतेस? जेवलीस का?"

पलीकडून थेट प्रश्न आला, "काय मोडलंय?"

"काही नाही गं! सहज फोन केला."

"लग्नाला इतकी वर्षं झाली, दुपारी फोन करून जेवलीस का असं कधी विचारलंत? भाऊजी बरे आहेत ना?"

"मजेत आहेत," स्टोअरकीपर म्हणाला. भाऊजी अंगठा तोंडात घालून बसले होते. फोनमधून ठक, ठक असा आवाज आला. "कसला आवाज तो?"

"काम चाललंय. अहो, ऐका, त्या तुमच्या पेटीचं सांगायचं राहिलं. काल मी..."

पेटी म्हटल्याबरोबर स्टोअरकीपर सावध झाला. हिला संशय आला! आता ही विचारणार, उघडली का, का उघडली, काय बिघडलं. त्यानं घाईघाईनं "इथे आवाज नीट येत नाही!" म्हणून फोन ठेवला, आणि मोह नको म्हणून बंदच करून टाकला.

ऊन कलायला लागलं तसा त्याचा चेहरा पडला. शेडमध्ये शिलाई मशीन दिसायला लागलं. क्वाडवर दुसराच कुणी बसलेला दिसायला लागला. त्याला खरंच वाईट वाटलं. साडूला त्याची दया आली. "असं बघा," तो म्हणाला, "हट्टी दात असला की आम्ही ठोकत नाही बसत. धरतो आणि ओढतो. कशाला तरी बांधा, क्वाडचं इंजिन ओढेल."

"बांधायचा दोर पे..."

"पुढचं बोलू नका!"

दोघांनी कमरेचे पट्टे काढले. एकात एक अडकवून कुलपातून ओवले आणि टोक झाडाला बांधलं. स्टोअरकीपर एका हातानं पँट आणि एका हातानं हँडल धरून बसला. साडूही पँट धरून, सवयीनं म्हणाला, "थोडं दुखेल हं."

क्वाड लंगडत पुढे सरकली. पट्टे ताणले. कडकन आवाज झाला, एक पट्टा तुटला, दुसऱ्याचं बक्कल झुडपात उडालं, आणि पेटीची कडी कुलपासकट बाहेर आली. स्टोअरकीपरचा जीव भांड्यात पडला. त्यानं झाकण उघडलं.

आत चिंध्या होत्या. कापडांचे तुकडे, अस्तराच्या पट्ट्या, फुलाफुलांचे काठ, निळे, लाल, पिवळे, काठोकाठ ठासून भरलेले. त्यानं हात घालून तळापर्यंत उपसलं. पान्हा नाही, पंप नाही, शिट्टीसुद्धा नाही.

"म्हणून खडखड नव्हती!" साडू म्हणाला, आणि हसता हसता पँट सुटली म्हणून खाली बसला.

 स्टोअरकीपरनं एक चिंधी उचलली आणि कपाळाचा घाम पुसला. दुसरी कमरेला बांधली, तर पँट जागेवर राहिली. त्यानं चिंधीकडे पाहिलं. मग लोंबणाऱ्या टायरकडे पाहिलं.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "आत हवाच हवी, असं थोडंच आहे?"

दोघांनी टायरच्या उघड्या कडेतून चिंध्या कोंबायला सुरुवात केली. अस्तर, काठ, बाह्या, कॉलर, जे हाती येईल ते. बोटं सोलली, पण चाक हळूहळू गुबगुबीत झालं. टायरची कड लाथा मारून कशीबशी रिममध्ये बसवली आणि क्वाड बैलगाडीच्या चालीनं घराकडे निघाली. वाटेत लोक बघत होते. कमरेला फुलाफुलांची नाडी बांधलेले दोन प्रतिष्ठित गृहस्थ रोज थोडेच दिसतात!

दिवस मावळायच्या जरा आधी क्वाड अंगणात शिरली. बायको दारात उभी होती. आतून टप टप ऐकू येत नव्हतं.

"नळ?" स्टोअरकीपरनं विचारलं.

"मी केला दुरुस्त. काल अर्धा, आज दुपारी उरलेला. काल तुम्ही पेट्रोलला गेलात तेव्हा पेटी उघडली. एक चावी कमरेला, एक खुंटीवर. पान्हे तळाला, म्हणून सगळं उपसावं लागलं. टेबलावरचा पसारा आवर म्हणून तुमचीच भुणभुण होती, म्हटलं तेवढ्यापुरत्या चिंध्या टाकू पेटीत. सकाळी परत बदलणार होते, तर तुम्ही चोरासारखे पसार! दुपारी सांगत होते तर फोन बंद."

"म्हणजे मी तिकडे रिकाम्या..." स्टोअरकीपरनं तोंड उघडलं.

"ते राहू दे. कुणाची मदत घेतली?"

"कुणाचीही नाही! विचार भाऊजींना."

बायको चाकाजवळ वाकली. रिमच्या फटीतून निळ्या अस्तराचं टोक बाहेर आलं होतं. तिनं ते चिमटीत धरून ओढलं. हातभर बाहेर आलं, तरी संपेना. "मग हे माझं काय करतंय तुमच्या चाकात?"

स्टोअरकीपरनं शेवटचा डाव टाकला. "पेटीतलं सामान म्हणजे माझी तयारी. मदत नव्हे."

"असं? म्हणजे चिंध्या तुम्हीच भरल्या होत्या, तयारी म्हणून?"

साडू डोळे मोठे करून उत्तराची वाट बघत होता. हो म्हटलं तर जन्मभर चेष्टा, नाही म्हटलं तर क्वाड गेली. स्टोअरकीपरनं क्वाडवरून एकदा प्रेमानं हात फिरवला.

"हो," तो म्हणाला. "मीच भरल्या."

बायको बघतच राहिली. मग तिला हसू आवरेना, आणि तिनं त्याच्या कमरेची नाडी नीट गाठ मारून दिली.

क्वाड राहिली. शेडमध्ये तिच्या शेजारी शिलाई मशीनही आलं, कारण चिंध्या जिथे लागणार तिथेच त्या तयार व्हाव्यात, असं बायको म्हणाली. कपडे घालून बघायला आलेल्या बायका आता आपल्या पिशव्या क्वाडच्या हँडलला अडकवतात. पेटीला नवी कडी बसली. कुलपं दोनच आहेत, पण दोन्ही चाव्या साहेबांकडे असतात.

परवाच्या रविवारी स्टोअरकीपर तिच्यासमोर हात पुढे करून उभा राहिला. "चाव्या दे. जरा टेकडीवर जाऊन येतो."

"पेटी कशाला उघडता? पान्हे त्यात नाहीत."

"मग कुठे आहेत?"

"बाथरूममध्ये," ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली. "तिथलाही नळ गळतोय."

स्टोअरकीपरनं बाह्या सावरल्या आणि निमूटपणे बाथरूमकडे वळला.