साहेब बोलत होते तोवर

दोन हजार दोन साली कुडपणजवळच्या आमच्या वाडीने ओढ्यावर स्वतःची वीज काढली. डोकं माझं, म्हणजे शाळेतल्या विज्ञानशिक्षकाचं, आणि हात कुशाबाचे. सरकारी तार येईल तेव्हा येवो, आता वाडीला अंधार दिसणार नाही, असं मी पोलादपूरच्या एसटी स्टँडपर्यंत सांगत सुटलो होतो!

यंत्र गुणी, पण फार हळवं. पाणी जेवढा जोर लावील तेवढी वीज कुणीतरी वापरायलाच हवी. वापर एकदम घटला की यंत्र सुसाट सुटायचं आणि बल्ब फुटायचे. सगळ्यात जास्त वीज राहीबाईची पिठाची गिरण खायची. म्हणून नेम असा, की आधी कुशाबाने ओढ्यावर फळी घालून पाणी तोडायचं, मगच गिरण थांबवायची.

उद्घाटनाला तालुक्याहून साहेब आले. तिन्हीसांजेला देवळासमोर अठ्ठावीस बल्ब लागले. साहेब भाषणाला उभे राहिले आणि राहीबाई पिठाने पांढरी होऊन माझ्या कानाशी आली.

"गुरुजी, दळाण सपला. गिरण बंद करू?"

पाणी तोडताना बल्ब मिणमिणणार, तेही साहेबांसमोर.

"थांबवू नका. घरात असेल ते दळा."

नाचणी झाली. तांदूळ झाले. गोदूबाईने कुळीथ आणले. साहेब अजून प्रास्ताविकातच होते. माझा सदरा पाठीला चिकटला. एवढ्यात कुशाबाची बायको रंगूबाई टोपली घेऊन आली.

"पेरायची वरी हाय गुरुजी. आता घरात दुसरा काय नाय."

मला स्वतःची लाज वाटली. "बियाणं नको, वहिनी. जाऊन कुशाबाला सांगा, पाणी तोडायला."

ती ओढ्याकडच्या उताराच्या टोकाला गेली. वारं भणाणत होतं.

"अवो, पाणी तोडा!"

कुशाबाला ऐकू आलं, 'सोडा'. साहेबांना आणखी उजेड हवा असेल, असं समजून त्या भल्या माणसाने होती नव्हती ती फळी उपसून काढली. इकडे राहीबाईने रंगूबाईची हाक ऐकली, आणि नेमाप्रमाणे गिरण थांबवली.

बल्ब आधी दुधासारखे पांढरे झाले. मग साहेबांच्या डोक्यावरचा फट्‌कन फुटला आणि त्याच्यामागून सगळी माळ तडतडत गेली. लाउडस्पीकर एकदा किंचाळून गप्प झाला.

"कुणाला लागलं का?" मी अंधारात चाचपडत विचारत सुटलो. कुणालाच लागलं नव्हतं. एकटे साहेब टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी भेटवहीत त्यांचा शेरा वाचला : 'प्रकल्प उत्तम. मात्र ग्रामस्थांनी फटाक्यांचा मोह टाळावा.'

मी खाली लिहिलं, 'दक्षता घेऊ', आणि सही केली.